टिटव्यांची राखण

५ एप्रिल, रविवार

उघड्यावर! ना गवत, ना काडी, ना आडोसा. उन्हाने तलावाचं पाणी मागे हटलंय आणि त्या उघड्या पडलेल्या तळावर, खड्यांच्या मधोमध, चार अंडी. वर आभाळ आणि बाजूला आमच्या स्काऊट पथकाचे बूट. मी मटकन खालीच बसले. आणखी एक पाऊल टाकलं असतं तर काय झालं असतं, ते लिहवत नाही.

आम्ही गेलो होतो कचरा उचलायला. दर महिन्याला पथकाने एक सेवाकार्य करायचं असतं. प्लास्टिकच्या पिशव्या, बाटल्या, कोणाची तरी एका पायाची चप्पल असं गोळा करत चाललो होतो. टिटव्या डोक्यावर घिरट्या घालून केकाटत होत्या. मला वाटलं, माझ्या शिट्टीला घाबरल्या. तेवढ्यात मागून आवाज आला, "बाई, थांबा!" बघते तर घुमी. बेकरीवाल्यांची धाकटी. वर्षभर पथकात आहे, पण तोंड उघडेल तर शपथ, म्हणून मीच तिचं नाव घुमी पाडलं. तिने बोट दाखवलं तिथे मला खडेच दिसत होते. नीट बघितलं तेव्हा त्यातले चार खडे ठिपक्याठिपक्यांचे निघाले.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे औषधांच्या दुकानातून नुकतेच आले होते. म्हणाले, "टिटवी जमिनीवरच अंडी घालते."

"पण अशी उघड्यावर?"

"तिला कोण सांगणार?"

एवढंच बोलून पेपर उघडला. या माणसाला कशाचा म्हणून धक्का बसत नाही. घरातले सगळे धक्के मलाच बसवून घ्यावे लागतात.

यंदाचं आमचं मोठं सेवाकार्य ठरलं: टिटव्यांची राखण.

७ एप्रिल, मंगळवार

कल्पना माझी! माझ्या शिवणाच्या दुकानात पडद्यांच्या कापडाचे लाल तुकडे कितीतरी पडून होते. दुपारभर मशीनवर बसून त्यांचे झेंडे शिवले. संध्याकाळी पथकाने तलावाचा तळ हळूहळू पालथा घातला आणि सापडलेल्या प्रत्येक घरट्याशेजारी काठी रोवून झेंडा लावला. आता कोणी चुकूनसुद्धा पाय ठेवणार नाही. आमचे चिरंजीव संघनायक आहेत, त्यांनी काठ्या अशा ठोकल्या की वादळातही हलायच्या नाहीत. बांधावरून बघितलं तर सगळा तळ लाल ठिपक्यांनी भरलेला. माझा ऊर भरून आला.

आयुक्तसाहेबांना फोन केला. जिल्ह्यातली सगळी पथकं त्यांच्या हाताखाली येतात आणि एरवी ते माझा फोन उचलत नाहीत. आज मात्र खूश झाले. म्हणाले, "मॅडम, तीन मेला सगळी पथकं तुमच्या तलावावर आणतो. एकमेकांचे हात धरून, एका ओळीत, सगळा तळ चालत साफ करू. झेंडे आहेतच, म्हणजे घरट्यांची काळजी नाही."

सगळी पथकं! माझ्या तलावावर! मला दोन घोट पाणी प्यावं लागलं.

१० एप्रिल, शुक्रवार

आज एक गंमत. सकाळी गेलो तर झेंड्यांच्या काठ्यांवर एकेक कावळा ऐटीत बसलेला. चिरंजीव म्हणाले, "आई, आपल्याला फुकटचे पहारेकरी मिळाले!" सगळे खो खो हसलो. मी कावळ्यांसोबत आमचा सेल्फी काढून आयुक्तसाहेबांना पाठवला. त्यांनी अंगठा पाठवला.

घुमी तेवढी हसली नाही. परत निघताना माझ्या शेजारून चालायला लागली. मग एकदम म्हणाली, "बाई, झेंडे काढूया का?"

"का गं?"

"कावळे बघतात."

"बघू देत की. त्यांना काय, डोळे आहेत."

मुलं परत हसली. ती मागे पडली. नवीन कल्पना पचायला काही मुलांना वेळ लागतो. तिला पंपघराकडच्या बाजूची राखण दिली आहे. रोज शाळेआधी जाऊन येते, एवढं मात्र नेमाने करते.

१४ एप्रिल, मंगळवार

काय लिहू?

काठाकडची घरटी रिकामी. एका झेंड्याखाली नाही, दुसऱ्याखाली नाही, तिसऱ्याखाली नाही. मी एकाकडून दुसऱ्याकडे धावत होते आणि प्रत्येक ठिकाणी नुसती खड्यांची वाटी, कुठे टरफलाची एखादी कपची. लहान मुलं रडायला लागली. मला रडूही येईना. आपण स्वतः दार लावून गेलो आणि आत येऊन कोणी घर धुऊन नेलं, तसं झालं.

अंडी कोण नेतं? खायला? विकायला? मला कल्पनाच करवेना. एक गोष्ट मात्र माझ्या लगेच लक्षात आली आणि तिने मी आणखीच हादरले. गेली ती सगळी झेंड्याखालची. काल चिरंजीवांना वाटेत एक घरटं दिसलं होतं, काठी जवळ नव्हती म्हणून झेंडा लावायचा राहिला, ते जसंच्या तसं आहे. म्हणजे ज्याला आपले झेंडे ठाऊक आहेत त्याचंच हे काम. म्हणजे बाहेरचा कोणी नव्हे!

तिथल्या तिथे मी त्या घरट्यालाही झेंडा लावून टाकला.

१६ एप्रिल, गुरुवार

त्या घरट्यातलीसुद्धा गेली. दोनच दिवसांत! चोराचं धाडस बघून मी थक्क झाले.

आणि आता नवीनच. पंपघराकडच्या बाजूचे झेंडेच गायब. काठीसकट. त्या बाजूला अंडी होती की नव्हती ते कळायलासुद्धा मार्ग नाही. आम्ही वाकून वाकून शोधलं, पण खुणाच नाहीत तर शोधायचं कुठे? सगळीकडे खडेच खडे. टिटव्या मात्र अंगावर येत होत्या, अगदी केसांना पंख लागतील इतक्या खाली. पोटची गेली तरी बिचाऱ्यांना जागा सोडवत नाही. मला ते बघवेना, मुलांना घेऊन परत आले.

ती बाजू घुमीची. मी तिला विचारलं, "झेंडे कोणी काढले?" ती खाली बघत उभी राहिली. मला ते उभं राहणं आवडलं नाही.

१८ एप्रिल, शनिवार

असं काही माझ्या पथकात होईल असं कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

शाळेच्या मागच्या खोलीत आमची बैठक भरते. सगळ्यांनी आपापल्या बॅगा उघडायच्या, असं मी सांगितलं. आवाज शांत ठेवला होता. घुमीने बॅग छातीशी धरली. चिरंजीवांनी ती ओढून घेतली, उलटी केली, आणि वह्यांबरोबर माझे लाल झेंडे जमिनीवर पडले. काठ्यांवरून सोडवून, घड्या घालून, नीट. मी स्वतः शिवलेले.

"हे तूच काढलेस?"

"हो, बाई."

"आणि अंडी?"

"मी घेतली नाहीत. शपथेवर सांगते."

पथकात येताना प्रत्येक जण शपथ घेतो, आणि आमचा पहिलाच नियम हा की स्काऊटच्या शब्दावर विश्वास ठेवायचा. मी तो नियम शेकडो वेळा मुलांकडून म्हणवून घेतलाय. आज मात्र माझं डोकंच फिरलं. झेंडे हातात सापडले आणि वर शपथ! मी म्हटलं, "शपथेला तरी हात लावू नकोस." मग तिच्या गळ्यातला स्कार्फ काढून घेतला आणि सांगितलं, पथकात यायचं नाही, आणि तलावाकडे तर फिरकायचंही नाही.

ती रडली नाही. वह्या गोळा केल्या आणि गेली. तेरा वर्षांच्या मुलीचं इतकं निबर मन असतं? मला त्याचाच धक्का सगळ्यात मोठा बसला.

१९ एप्रिल, रविवार

बेकरीवाले दुकानात आले. पाव पोचवून परत जाताना आले असावेत, सायकलला रिकाम्या टोपल्या होत्या. मला वाटलं भांडतील. मी बोलायची वाक्यं मनात जुळवून ठेवली होती.

ते म्हणाले, "बाई, माझी पोरगी कधीच खोटं बोलत नाही, असं मी म्हणणार नाही. परवा काचेची बरणी फोडली आणि मांजराचं नाव सांगितलं. पण शपथ घातली की ती खरंच बोलते. तुम्हीच शिकवलंय तिला ते."

"झेंडे तिच्या बॅगेत निघाले, दादा. पथकासमोर."

"झेंडे निघाले. अंडी निघाली का?"

मी म्हटलं, अंडी काय बॅगेत ठेवतात? ते नमस्कार करून गेले. जुळवलेलं एकही वाक्य उपयोगी पडलं नाही.

रात्री जेवताना ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "तू बघितलंस का तिला घेताना?" मी म्हटलं, तुम्ही गोळ्या-औषधांतच लक्ष घाला.

२५ एप्रिल, शनिवार

घुमी पथकात नाही त्याला सात दिवस झाले आणि अंडी जायची थांबत नाहीत! मधल्या भागातली दोन घरटी आज रिकामी. मी कपाळाला हात लावला. म्हणजे तिचे साथीदार आहेत. तिचा मोठा भाऊ मोटारसायकल घेऊन बांधावरून जातो, हे मी स्वतः पाहिलंय.

आता मीच पाळत ठेवणार. पंपघराच्या खिडकीतून सगळा तळ दिसतो. चिरंजीवांची दुर्बीण घेते. रंगेहाथ पकडते आणि थेट बेकरीवाल्यांच्या दारात नेते.

२८ एप्रिल, मंगळवार

लिहायलाच हवं.

सकाळी सूर्य वर आल्यावर मी पंपघरात जाऊन बसले. बांधावर कोणी नव्हतं. मोटारसायकल नाही, माणूस नाही. एक कावळा आला आणि झेंड्याच्या काठीवर बसला. मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. मला माणूस पाहिजे होता. कावळ्याने मान वाकडी करून खाली बघितलं. उतरला. टिटवी त्याच्या अंगावर धावली तसा दुसरा मागून आला. चोच मारली. एक अंडं उचलून उडाला. दुसऱ्याने तिथेच फोडलं. मी दुर्बीण डोळ्यांना दाबून धरली होती, हुंदका येत होता तरी काढवत नव्हती. मग ते उडाले, आणि मला वाटलं संपलं. ते पुढच्या झेंड्यावर जाऊन बसले.

दुकानांच्या पाट्या वाचत जावं तसे. एका झेंड्यावरून दुसऱ्यावर.

मी ओरडत धावले. खड्यांत दोनदा पडले. एकेक झेंडा उपटला, सगळे, एकही ठेवला नाही. चिरंजीवांनी काठ्या अशा ठोकल्या होत्या की हाताची सालं निघाली. मधेच मी थांबले. "कावळे बघतात." ती म्हणाली होती. तीन शब्दसुद्धा नाहीत, दोनच. आणि मी विनोद केला होता.

त्या फोटोत मीही आहे. हसतेय.

२९ एप्रिल, बुधवार

गेले. जावंच लागणार होतं.

बेकरीच्या मागेच त्यांचं घर. भट्टीची धग गल्लीपर्यंत येत होती. बेकरीवाले ट्रे बाहेर ओढत होते. मी सगळं सांगितलं, जसं पाहिलं तसं. ते ऐकत राहिले. म्हणाले, "आत आहे. बाहेर यायचं की नाही ते तिने ठरवायचं."

ती आली. कोपरापर्यंत पीठ.

मी म्हटलं, "तू झेंडे कावळ्यांमुळे काढलेस?"

"हो."

"अगं, मग मला सांगायचं होतंस ना!"

"सांगितलं होतं."

मग मी विचारलं, बॅग उघडली त्या दिवशी तरी का बोलली नाहीस? सगळ्यांसमोर चोर ठरलीस, स्कार्फ गेला, एक अक्षर का काढलं नाहीस?

ती हाताचं पीठ खरवडत म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही विचारलं असतं, घरटी कुठे आहेत. आणि मग परत झेंडे लावले असते."

बेकरीवाल्यांनी स्टूल पुढे सरकवलं. या एवढ्याशा मुलीने चोर म्हणवून घेतलं, कशासाठी, तर मी तिथे पोचू नये म्हणून! चोरापासून नाही, कावळ्यापासूनही नाही, माझ्यापासून राखत होती ती. मी इतकी शरमले की डोळ्यांत पाणी येण्याआधी घाम आला.

"मग पंपघराकडची अंडी? आहेत अजून?"

"तेव्हा होती. आता मला तिकडे जायला बंदी आहे."

टिटव्या अंगावर येत होत्या, ते आठवलं. त्या रडत नव्हत्याच. त्या आम्हाला हाकलत होत्या.

मग रविवारचं आठवलं. जिल्हाभरातली पथकं, हात धरून, एका ओळीत, सगळा तळ. आणि झेंडा एकही नाही, मीच उपटले. मी घाईघाईने म्हटलं, "मला जागा दाखव. मी सांभाळीन. कोणाला सांगणार नाही, शपथेवर."

ती पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "मी पण शपथेवरच सांगितलं होतं, बाई."

आणि आत गेली. बेकरीवाल्यांनी तिला परत बोलावलं नाही. मीही नाही.

३० एप्रिल, गुरुवार

आयुक्तसाहेबांना फोन केला. रविवारचा कार्यक्रम रद्द करा म्हटलं.

"मॅडम, बस ठरल्या. टोप्या छापून आल्या. घरट्यांभोवती दोऱ्या बांधा आणि विषय संपवा."

"घरटी कुठे आहेत ते मला ठाऊक नाही."

"झेंडे होते ना?"

"काढले. झेंड्यांमुळेच अंडी गेली, साहेब. तो कावळ्यांचा फोटो पाठवला होता ना मी, तो बघा परत."

"एखाद-दुसरं अंडं फुटलं तर आकाश कोसळत नाही. मुलांचा उत्साह महत्त्वाचा."

मी म्हटलं, मुलं तळावर उतरणार नाहीत. ते म्हणाले, मग पथकप्रमुखही तुम्ही राहणार नाही. मी फोन ठेवला आणि शिवायला बसले. दोनदा सुई बोटात गेली.

हे दुकानातून आल्यावर सगळं सांगितलं. हे पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "बरं केलंस." मी बघतच राहिले.

२ मे, शनिवार

बैठकीला आई-वडिलांनाही बोलावलं. उभी राहिले आणि सांगितलं, घुमीने एकही अंडं घेतलं नाही. तिने मला सावध केलं होतं, मी तिची चेष्टा केली. तिची शपथ खरी होती, मी खोटी ठरवली.

एक आई म्हणाली, "मग चोर कोण?"

"कावळे," मी म्हटलं. "पण पत्ता त्यांना मी दिला."

कोणी हसलं नाही. बाहेर पडताना चिरंजीव म्हणाले, "आई, बॅग मी ओढली होती." मला त्याची समजूत काढायला हवी होती. मी म्हटलं, "हो, ओढलीस." मग आम्ही दोघं घरी आलो. तो संध्याकाळी एकटाच बेकरीत जाऊन आला. काय झालं ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

३ मे, रविवार

बांधावरून तळाकडे उतरायला एकच पायवाट आहे. मी तिथे जाऊन उभी राहिले. ह्यांना म्हटलं होतं येऊ नका, तरी आले आणि थोडे लांब थांबले. चिरंजीव माझ्या शेजारी.

बस आल्या. नवीन टोप्या घातलेली मुलं भराभरा उतरली, रांगा लागल्या. आयुक्तसाहेब पुढे आले. "बाजूला व्हा."

मी झाले नाही. मी मुलांकडे तोंड करून मोठ्याने सांगितलं, खाली अंडी आहेत, कुठे ते मला माहीत नाही, म्हणून कोणीच उतरायचं नाही. चूक माझी आहे. पुढच्या रांगेतली एक छोटी मुलगी पटकन दोन पावलं मागे सरली. मग तिच्या शेजारची. मग ती अख्खी रांग. त्यांच्या पथकप्रमुखांनी साहेबांकडे बघितलं आणि म्हणाले, "आम्ही रस्त्याकडचा कचरा उचलतो, सर."

साहेबांनी माझी शिट्टी मागितली. मी काढून दिली. त्यांनी सगळ्यांना रस्त्याकडे वळवलं. इतकं सरळ होईल असं मला वाटलं नव्हतं, म्हणून मी तशीच वाट अडवून उभी होते.

दुपार उलटली. बस गेल्या. हे आणि चिरंजीव पुढे गेले. मी बांधावर बसले होते, तेवढ्यात पंपघराच्या आडून घुमी आली. कधीपासून होती कोण जाणे. साधा फ्रॉक, पायात कॅनव्हासचे बूट. माझ्यासमोरून पायवाटेने खाली उतरली आणि तळावर पोचल्यावर थांबली.

"येताय का?"

मी उठले.

"मी पाय ठेवते तिथेच ठेवा," ती मागे न बघता म्हणाली.

तिचं पाऊल उठलं की तिथे मी माझं ठेवत होते. एक शब्द बोलले नाही. टिटव्या वर आल्या, अगदी डोक्याला पंख घासतील इतक्या खाली, आणि ओरडून ओरडून कान किटवले. मी डोकं खाली घातलं. घुमी एकदम थबकली आणि उकिडवी बसली. मीही बसले. समोर नुसते खडे. तिने बोट दाखवलं. मला खडेच दिसत होते.

मग त्यातला एक खडा उठला आणि पळाला.

माझ्या तोंडून किंकाळी निघणारच होती. काडीसारख्या पायांवर ठिपक्यांचा कापूस, दोन पावलं धावून पुन्हा खड्यांत मिसळला, आणि त्याच्या शेजारी आणखी एक हललं. घुमीने माझ्याकडे वळून ओठांवर बोट ठेवलं.

मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं आणि ती उठेपर्यंत तशीच बसून राहिले.